विजेचे मासे आणि त्यांची गुणसूत्रे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'आफ्रिकेतील मंदविद्युत् मत्स्यांची गुणसूत्रे' असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग, "जरा सोपे नाव देता येईल का?" अशी विचारणा झाली. ती रास्तच होती. या व्यासपीठावर अर्थकारण, राज्यकारभार, संतवाङ्मय अशा थोर विषयांची चर्चा व्हावयाची. त्यांत नाईल नदीच्या गढूळ पाण्यातला वीतभर मासा कोठून शिरला, असे आपल्यालाही वाटले असेल. म्हणून नाव सोपे केले, विषय मात्र तोच ठेवला. या माशाचे आपल्याशी काय नाते आहे, हे शेवटी सांगू. तोपर्यंत आमच्याबरोबर थोडे पाण्यात उतरावे, एवढीच विनंती.

प्राचीन इजिप्तच्या लोकांना हा मासा चांगला ठाऊक होता. याच्या काही जातींचे तोंड पुढे सोंडेसारखे ओढलेले असते. म्हणून ग्रीकांनी त्याला 'ऑक्सिऱ्हिंकस', म्हणजे टोकदार नाकाचा, असे नाव दिले. मध्य इजिप्तमधल्या एका नगरीत तो पवित्र मानला जाई, आणि ग्रीकांनी त्या नगरीलाही माशाचेच नाव दिले. १८९६-९७ च्या हंगामात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज विद्वानांनी तेथील उकिरड्याच्या टेकाडांतून जुन्या पपायरसचे ढीग उकरून काढले, त्यामुळे ती नगरी विद्वानांत प्रसिद्ध झाली. पण जिच्यावरून तिला नाव मिळाले तो मासा मागेच राहिला. आपल्या पुराणात मासा मनूला प्रलयातून तारतो. इजिप्तच्या कथेत ऑसायरिस देवाच्या देहाचे तुकडे नाईलमध्ये फेकले गेले, तेव्हा त्यांतला एक अंश या माशाने गिळला असे सांगतात. एकीकडे तारक, दुसरीकडे भक्षक. पण दोन्हीकडे माशाला काही गूढ ठाऊक आहे, अशी माणसाची समजूत दिसते. या माशापुरती ती समजूत अगदीच चुकीची नव्हती.

ते गूढ उलगडायला १९५१ साल उजाडावे लागले. केंब्रिजमधले प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांचे लक्ष नाईल व पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांत राहणाऱ्या 'जिम्नार्कस' नावाच्या एका लांबट माशाकडे गेले होते. हा मासा पुढे जितक्या सहजतेने पोहतो, तितक्याच सहजतेने मागेही पोहतो. आणि मागे जाताना शेपटीच्या वाटेत काही अडथळा आला, तर त्याला न धडकता बाजूने निघून जातो. शेपटीला तर डोळे नाहीत! लिसमन यांनी पाण्यात दोन तारा सोडल्या, त्या विद्युत् संकेत वाढविणाऱ्या यंत्राला जोडल्या, आणि शोध लागला. माशाच्या शेपटीतून सेकंदाला सुमारे तीनशे या गतीने विजेची अखंड, अत्यंत क्षीण स्पंदने निघत होती. हाताला धक्का बसावा इतकीही ती बळकट नव्हती. पुढे १९५८ साली लिसमन आणि मॅचिन यांनी सच्छिद्र मातीची भांडी घेऊन प्रयोग केले. बाहेरून भांडी सारखीच. एकात नुसते पाणी, दुसऱ्यात काचेची बारीक कांडी. आतले काही डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही. तरी मासा दोन्हींतला फरक बरोबर ओळखी. आपल्याभोवती तो विजेचे एक जाळे पसरतो, त्या जाळ्यात एखादी वस्तू आली की जाळे किंचित वाकते, आणि ते वाकणे त्याच्या त्वचेतल्या इंद्रियांना कळते. आंधळा काठीने चाचपडतो तसे म्हणावे, तर येथे काठी एक नाही, सर्व दिशांना पसरलेली आहे.

या जिम्नार्कसचे जवळचे भाऊबंद म्हणजे 'मॉर्मिरिड' कुलातले मासे. इंग्रजीत त्यांना 'हत्तीमासे' म्हणतात. हे सारे कुल आफ्रिकेचे. आफ्रिकेबाहेर त्यांतला एकही मासा रानटी अवस्थेत सापडत नाही. त्यांत २२ वंश आणि सुमारे २३० जाती नोंदलेल्या आहेत. वंश आणि जाती हे शब्द आम्ही शास्त्रीय अर्थाने वापरीत आहोत: कुलात वंश, वंशात जाती. जिम्नार्कसची वीज तंबोऱ्याच्या सुरासारखी अखंड वाहते. हत्तीमाशांची वीज मृदंगावरच्या थापेसारखी सुटी सुटी पडते. शेपटीच्या बुडख्यात स्नायूंपासूनच बनलेल्या चपट्या पेशींची चवड असते, रुपये एकावर एक रचावेत तशी. मेंदूकडून हुकूम येताच सर्व पेशी एकाच क्षणी पेट घेतात, आणि त्या सर्वांची मिळून एक थाप पडते. एकोणिसाव्या शतकातल्या शारीरशास्त्रज्ञांनी ही चवड पाहिली होती. पण धक्का जाणवेना म्हणून त्यांनी तिला 'आभासी विद्युत् इंद्रिय' ठरविले होते. दोष माशाचा नव्हता, आपल्या बोटांचा होता.

आता यातली खरी मौज पाहा. प्रत्येक जातीची थाप निराळी असते. कोणाची थाप सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच संपते, तर कोणाची वीस-पंचवीस सहस्रांश सेकंद रेंगाळते. गॅबॉन देशातल्या इविंदो नदीच्या परिसरात अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल हॉपकिन्स यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी वर्षानुवर्षे या थापा नोंदल्या. हातात घेतले तर ओळखू न येणारे, एकसारखे दिसणारे मासे थापेवरून मात्र वेगवेगळे निघतात. अंधाऱ्या पाण्यात नराची मादीशी आणि मादीची नराशी ओळख पटते ती या थापेवरून. या सगळ्या कारभाराला मेंदूही तसाच मोठा लागतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे, सोंडेसारखी हनुवटी असलेल्या एका हत्तीमाशाचे शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्यातला सुमारे ६० टक्के एकटा मेंदू खातो. मनुष्याचा मेंदू सुमारे २० टक्क्यांवर भागवतो. आपल्या बुद्धीचा आपल्याला फार अभिमान असतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

येथपर्यंतची हकीकत विजेची झाली. आता गुणसूत्रांकडे वळू.

प्राण्याच्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते, आणि त्या केंद्रकात आनुवंशिकतेचा सारा दप्तरखाना धाग्यांच्या रूपाने साठविलेला असतो. हे धागे म्हणजे गुणसूत्रे. एरवी ती विस्कटलेल्या सुतासारखी असतात. पेशीचे विभाजन होऊ लागले की मात्र आखडून आटोपशीर होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. मोजण्याची रीत अशी: माशाला कॉल्चिसीन हे द्रव्य टोचावयाचे. हे द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीच्या बियांतही असते. त्याने पेशींचे विभाजन नेमक्या हव्या त्या टप्प्यावर थांबते. मग मूत्रपिंडातल्या पेशी काढून मिठाचे प्रमाण अगदी कमी असलेल्या पाण्यात ठेवावयाच्या. त्या पाणी पिऊन फुगतात आणि आतली गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात. मग त्या काचेवर पसरावयाच्या, रंग द्यावयाचा आणि मोजावयाचे. या फुगविण्याच्या युक्तीचा शोध १९५२ साली टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत एका चुकीतून लागला. मिठाचे पाणी कोणीतरी नेहमीपेक्षा पातळ केले होते, आणि एरवी गुंत्यासारखी दिसणारी गुणसूत्रे त्या दिवशी निवडलेल्या तांदळासारखी सुटी दिसली.

मोजणे म्हणजे सोपे काम, असे आपल्याला वाटेल. मनुष्याचीच गोष्ट घ्या. १९२३ साली पेंटर यांनी मनुष्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असल्याचे जाहीर केले, आणि पुढे तेहतीस वर्षे जगभरच्या पुस्तकांत ४८ हाच आकडा छापला गेला. १९५६ साली स्वीडनमधल्या लुंड येथे त्जिओ आणि लेवान यांनी नव्या रीतीने मोजले, तेव्हा ती ४६ भरली. मधल्या काळात कितीतरी जाणत्या लोकांनी सूक्ष्मदर्शकात पाहिले असेल. पण पुस्तकात जे लिहिले आहे तेच डोळ्यांना दिसते, हा मनुष्यस्वभाव आहे.

आम्ही स्वतः या पापातून मुक्त नाही. विद्यार्थी असताना कांद्याच्या मुळाच्या पेशींतली गुणसूत्रे मोजण्याचे काम आम्हाला दिले होते. काचेवर आम्हाला पंधरा दिसली. पुस्तकात सोळा होती. आम्ही वहीत सोळा लिहिले. आमच्या गुरुजींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "सोळा हे उत्तर बरोबर आहे, पण ते तू मोजलेले नाहीस." एका गुणसूत्रावर दुसरे आडवे पडले होते. आम्ही पंधरा लिहिले असते, तर त्यांनी ते आडवे पडलेले गुणसूत्र आम्हाला दाखविले असते, आणि आम्ही काहीतरी शिकलो असतो. ते वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही.

केवळ संख्या मोजून भागत नाही, आकारही पाहावा लागतो. प्रत्येक गुणसूत्रावर एक आवळलेली जागा असते. तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. दोरीला गाठ मारावी तशी ती दिसते. गाठ मध्याच्या आसपास असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना दोन भुजा दिसतात. असे गुणसूत्र द्विभुज. गाठ अगदी टोकाला असेल तर एकच भुजा, ते एकभुज. स्वित्झर्लंडमधले मात्थी यांनी १९४५ साली सर्व भुजांची बेरीज करण्याची पद्धत घातली. तिला आपण भुजसंख्या म्हणू. गुणसूत्रसंख्या आणि भुजसंख्या ही दोन माणसे शेजारी उभी केली, की पुष्कळ गुपिते बाहेर पडतात.

ती कशी, ते पाहा. दोन एकभुज गुणसूत्रे टोकाशी जुळून एक द्विभुज गुणसूत्र होऊ शकते. टोळ-नाकतोड्यांच्या पेशी पाहून रॉबर्टसन यांनी १९१६ साली हे दाखविले. ग्रंथालयात एखाद्या ग्रंथाचे दोन पातळ खंड एका बांधणीत शिवून घ्यावेत, तसाच हा प्रकार. खंडांची संख्या एकाने कमी झाली. पाने तेवढीच राहिली. म्हणजे गुणसूत्रसंख्या उतरली, भुजसंख्या मात्र तीच. दुसरा प्रकार उलटफेराचा. दोरीचा गाठीसकटचा एक तुकडा कापून, उलटा करून पुन्हा तेथेच जोडला, तर टोकाला असलेली गाठ मध्याकडे सरकते. गुणसूत्रसंख्या तीच राहिली, पण एकभुजाचे द्विभुज झाले आणि भुजसंख्या वाढली. तात्पर्य, गुणसूत्रसंख्या उतरली तर जोडणीचा संशय घ्यावा, भुजसंख्या बदलली तर उलटफेराचा.

जोडणी किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. कोकणात उतरणाऱ्या घाटांत संध्याकाळी कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर आपल्यापैकी कित्येकांनी ऐकले असेल. १९७० साली असे आढळले, की भारतीय भेकराच्या मादीत गुणसूत्रे अवघी ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत याहून कमी कोणात सापडलेली नाहीत. त्याचेच चिनी भाऊबंद ४६ बाळगून आहेत. दोघे दिसायला एकमेकांसारखे, चालायला एकमेकांसारखे. पण एकाच्या कपाटात ४६ सुटे खंड, आणि दुसऱ्याच्या कपाटात मूठभर जाडजूड ग्रंथ.

ही शिदोरी घेऊन आता पुन्हा नाईलवर जाऊ.

या माशांच्या गुणसूत्रांचा पहिला मोठा तौलनिक अभ्यास जपानचे उयेनो यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी जिम्नार्कसमध्ये ३४ गुणसूत्रे मोजली, आणि एका हत्तीमाशात ४८. नंतर कितीतरी वर्षे हे क्षेत्र जवळजवळ ओसाडच राहिले. २०१६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी कांपिलोमॉर्मिरस वंशातल्या एका जातीत ४८ मोजली. मग मॉस्कोच्या सेवेर्त्सोव्ह संस्थेतल्या सिमानोव्स्की, गोलुब्त्सोव्ह आणि त्यांच्या रशियन व इथिओपियन सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य इथिओपियात, श्वेत नाईलला मिळणाऱ्या नद्यांत जाळी टाकली. २०२० साली त्यांनी पाच जातींचे आकडे प्रसिद्ध केले. आपल्याला कंटाळा येणार नाही अशा बेताने ते सांगतो.

पेट्रोसेफॅलस: गुणसूत्रे ५२, भुजा ५२. म्हणजे सगळी एकभुज. ब्रेव्हिमिरस: गुणसूत्रे ४८, भुजा ५४. सायफोमिरस: ५० आणि ७२. मार्कुसेनियस: ५० आणि ७६. हिप्पोपोटॅमिरस: ५० आणि ७८. यांतल्या मार्कुसेनियसच्या जातीचे बारसे खुद्द लिनियसने १७५८ साली केले होते. नाव मिळाल्यापासून गुणसूत्रे मोजली जाईपर्यंत २६२ वर्षे गेली.

या आकड्यांकडे पाहताच एक गोष्ट ध्यानात येते. शेवटच्या तिघांची गुणसूत्रसंख्या एकच, ५०; पण भुजा ७२, ७६, ७८. येथे उलटफेरांनी खेळ केलेला दिसतो. मग मूळचे घर कोणाचे? पेट्रोसेफॅलस हा वंश या कुलवृक्षावर बाकी साऱ्या हत्तीमाशांपासून सर्वांत आधी फुटलेली फांदी आहे, हे अन्य पुराव्यांनी ठरलेले आहे. त्याची सगळी गुणसूत्रे साधी, एकभुज; म्हणून या संशोधकांनी असा तर्क मांडला, की सुमारे ५० ते ५२ गुणसूत्रे आणि त्यांत बहुतेक एकभुज, हीच या कुलाची आद्य स्थिती असावी. तर्क चांगला आहे. पण तो तर्क आहे, हे त्यांनीही सांगून ठेवले आहे.

मग आला २०२१ सालचा लेख, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा त्यात आहे. हायपरोपिसस आणि पोलिमिरस या दोन वंशांतल्या जाती त्यांनी श्वेत नाईल आणि ओमो या नद्यांच्या खोऱ्यांतून आणल्या. दोघांतही गुणसूत्रे ४०. साऱ्या हत्तीमाशांत सर्वांत कमी. त्याच प्रदेशातल्या पोलिमिरसच्या आणखी एका जातीत पूर्वीच ४० सापडली होती. तिघांचा आकडा एकच. आता शाळेतल्या मुलाला येणारे गणित करू. हायपरोपिससच्या भुजा ६६. म्हणजे २६ गुणसूत्रे द्विभुज आणि १४ एकभुज. पोलिमिरस इसिडोरीच्या भुजा ७२. म्हणजे ३२ द्विभुज आणि ८ एकभुज. आणि त्या तिसऱ्या माशाच्या भुजा अवघ्या ४२! म्हणजे केवळ २ द्विभुज, आणि ३८ एकभुज.

समजा, ५२ एकभुजांपासून केवळ जोडणी करीत ४० वर उतरावयाचे आहे. बारा जोडण्या लागतील. बारा द्विभुज होतील, २८ एकभुज उरतील, आणि भुजा ५२ च राहतील. पण तिघांपैकी कोणाच्याही भुजा ५२ नाहीत. पहिल्या दोघांच्या पुष्कळ जास्त, तिसऱ्याच्या दहांनी कमी. म्हणजे जोडण्या झाल्या, त्यांच्यावर उलटफेर झाले. कोठे गाठ मध्याकडे सरकली, कोठे परत टोकाकडे गेली, किंवा दोन गुणसूत्रे अशी एकामागे एक जुळली की नवी भुजा उरलीच नाही. तिघेही चाळीसच्या ठाण्यावर उभे आहेत, पण आलेल्या वाटा निराळ्या. दोघे तर एकाच वंशातले. बाहेरून चाळीस म्हणजे चाळीसच. आत उघडून पाहिले तर तीन निराळे इतिहास. दिसते तसे नसते, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. ती आकड्यांनाही लागू पडते.

येथे आम्हाला एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. पण ती परीक्षा चालते, कारण सारा भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. या लेखापर्यंत हत्तीमाशांच्या सुमारे २३० जातींपैकी १९ जातींची गुणसूत्रे माहीत झाली होती, आणि बहुतेक वंशांतून एकेकच जात तपासलेली होती. पोलिमिरसच्या एकाच वंशातल्या दोन शितांत एवढे अंतर निघाले, तर बाकीच्या पातेल्यांबद्दल शपथेवर काय सांगावे?

आपल्या घरचाही एक दाखला देतो. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात 'नोटोप्टेरस' नावाचा, सुरीच्या पात्यासारखा चपटा मासा सापडतो. बंगाल्यांचा आवडता चितल हा त्याचा मोठा भाऊ. ही मंडळी हत्तीमाशांच्याच गणातली, दूरची चुलत भावंडे. नोटोप्टेरसमध्ये गुणसूत्रे ४२, आणि वीज मुळीच नाही. हायपरोपिससमध्ये ४०, आणि वीज आहे. पेट्रोसेफॅलसमध्ये ५२, वीज आहे. जिम्नार्कसमध्ये ३४, वीज आहे. तेव्हा 'इतकी गुणसूत्रे असली की वीज पैदा होते' असा सोपा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्याला नम्रपणे खाली बसवावे. विजेचे रहस्य गुणसूत्रांच्या संख्येत नाही, त्यांच्यावरच्या जनुकांत आहे. या माशांच्या पूर्वजांत कधीकाळी सारा दप्तरखानाच दुप्पट झाला होता. त्यामुळे स्नायूंत सोडियमची दारे उघडझाप करणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या. एक प्रत स्नायूंनी ठेवली, दुसरी विद्युत् इंद्रियाने उचलली. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत् मत्स्यांनी स्वतंत्रपणे हीच युक्ती केली, हे २००६ नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात माशांची विद्युत् इंद्रिये ही आपल्या सिद्धांतापुढची खास अडचण म्हणून नोंदविली होती. अडचण लपविली नाही, म्हणूनच पुढच्यांना ती सोडविता आली.

मग गुणसूत्रांच्या या जुळवाजुळवीला महत्त्व कशाने? महत्त्व येते संततीच्या वेळी. आईची आणि बापाची गुणसूत्रे जोडीने उभी राहतात, तेव्हा एकाकडे दोन सुटे खंड आणि दुसऱ्याकडे तेच दोन एका बांधणीत असतील, तर वाटणी करताना गोंधळ होऊ शकतो. असा गोंधळ वाढत गेला, तर एका जातीच्या दोन जाती होण्यास कुंपण मिळते. हत्तीमाशांत विजेची थाप हे एक कुंपण आहेच. गुणसूत्रे हे दुसरे. यांतले आधी कोणते पडले, हा आजचा खुला प्रश्न आहे, आणि तो सोडविण्यासाठीच हे मोजणे चालले आहे.

आता सुरुवातीला दिलेले वचन पुरे करतो. ही जोडणी केवळ माशांत आणि भेकरांत होते असे नाही. ती आपल्या या सभेतही असेल. सुमारे हजार माणसांत एकाच्या पेशींत अशी दोन गुणसूत्रे जुळलेली असतात, बहुधा १३ आणि १४ या क्रमांकांची. त्या माणसात मोजली तर ४५ भरतात, आणि तो ठणठणीत असतो. कारण पाने सारी शाबूत आहेत, बांधणी तेवढी निराळी. पण संततीच्या वेळी कधी कधी वाटणी बिघडते, आणि गर्भ टिकत नाही.

आमच्या परिचयातल्या एका घरी असे चार वेळा झाले. नवस झाले, उपासतापास झाले, दिशा बदलून झोपणे झाले. सुनेच्या पायगुणाबद्दल जे बोलावयाचे ते बोलून झाले. तिने ते खाली मान घालून ऐकले. अखेर कोणीतरी दोघांचीही रक्ततपासणी करण्याचा सल्ला दिला. सुनेची ४६ भरली, मुलाची ४५. सासूबाई आमच्याकडे तो कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दोष आमच्याकडचा म्हणायचा?" आम्ही म्हणालो, "वहिनी, दोष कोणाकडचाच नाही. दोन खंड एका बांधणीत आले आहेत, एवढेच." त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग उठताना म्हणाल्या, "हे चार वर्षांपूर्वी कळायला हवे होते." आम्ही यावर काय बोलणार? पुढे त्या घरी मुलगी झाली, ती आज शाळेत जाते. पण त्या चार वर्षांची भरपाई कोणत्याही शास्त्राला करता येत नाही.

एक अनोळखी मासा पकडून, रात्री कंदिलाच्या उजेडात त्याची गुणसूत्रे काचेवर पसरणाऱ्या माणसाला "याचा उपयोग काय?" असे विचारले जाते, तेव्हा आम्हाला तो कागद आठवतो. टोळांच्या पेशी पाहणाऱ्या रॉबर्टसनलाही लोकांनी हेच विचारले असेल.

जाता जाता त्या तिसऱ्या माशाविषयी सांगावयाचे राहिले. चाळीस गुणसूत्रे आणि बेचाळीस भुजा असलेल्या. त्याचे नाव आम्ही सांगितले नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. त्या २०२१ सालच्या लेखात त्याला नावच नव्हते. पोलिमिरस वंशातली, शास्त्रीय वर्णन न झालेली एक जात, एवढीच त्याची ओळख. त्याच्या पेशींतला हिशेब मोजला गेला होता, पण बारसे व्हायचे होते. ज्या ओमो नदीच्या खोऱ्यात ही जाळी टाकली जातात, तिच्यावरचे गिबे-तीन हे प्रचंड धरण २०१६ साली पुरे झाले. धरणे बांधू नयेत असे आम्ही म्हणत नाही. दिव्याखाली बसून आम्हाला तसे म्हणण्याचा अधिकारही नाही. पण नदीचा पूर थांबला की पुराच्या पाण्यावर जगणाऱ्यांचे दिवस बदलतात, आणि ज्याला नावच नाही, त्याच्या वतीने दाद मागावयाची तर अर्जावर काय लिहावयाचे? शास्त्रज्ञाची मोजणी म्हणजे त्या माशाचा अर्जावरचा अंगठा आहे.

आमच्या गुरुजींचे वाक्य या ठिकाणी पुन्हा आठवते. उत्तर बरोबर असणे वेगळे आणि ते आपण मोजलेले असणे वेगळे. जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल आपण पुस्तकातला सोळा लिहून मोकळे होतो: माशांबद्दल, नद्यांबद्दल, आणि घरात आलेल्या सुनेबद्दलही. काचेवर पंधरा दिसली तर पंधरा लिहावीत, आणि मग सोळावे कोठे आडवे पडले आहे ते शोधावे, एवढे जरी या संध्याकाळी आपण बरोबर नेलेत, तरी नाईलच्या गढूळ पाण्यातून आपल्याला हिंडवून आणल्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.